पॉलिप नाकात, संशय ताटावर

प्रश्न : माझं वय ४१. दोन वर्षांपूर्वी दोन्ही नाकपुड्यांतले पॉलिप दुर्बिणीने काढले. आठ-नऊ महिने छान गेले, मग नाक पुन्हा चोंदायला लागलं. आता वास जवळजवळ येतच नाही. तिशीनंतर दमा सुरू झाला, इनहेलर चालू आहे. पॉलिपचं मूळ अन्नाच्या ॲलर्जीत असतं असं ऐकलं म्हणून रक्तावर ९० पदार्थांची तपासणी करून घेतली. २३ पदार्थ 'पॉझिटिव्ह' आले : दूध, गहू, अंडं, सोया, टोमॅटो, शेंगदाणे वगैरे. चार महिने सगळं बंद आहे. वजन ६ किलो उतरलं, नाक तसंच. गरम, तिखट खाल्लं की नाक वाहतं. वाइनचा अर्धा पेला घेतला तरी नाक बंद होतं. मागच्या वर्षी एका समारंभात जेवून आल्यावर तासाभरात छाती भरून आली, चेहरा तापला, डोळे लाल झाले. जेवणात मासे होते, म्हणून तेव्हापासून मासेही बंद. त्या दिवशी दाढ दुखत होती, त्यासाठी गोळी घेतली होती. बाकी काही वेगळं नव्हतं. आता आणखी काय बंद करू?

उत्तर : आणखी काहीही बंद करू नका. उलट, बंद केलेल्यातलं बरंचसं पुन्हा सुरू करायची वेळ आली आहे. त्याचा क्रम पुढे देतो. त्याआधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. 'बाकी काही वेगळं नव्हतं' म्हणून तुम्ही जी दाढदुखीची गोळी बाजूला ठेवली, आमची नजर सगळ्यात आधी तिच्यावरच जाते. पॉलिप, मोठेपणी सुरू झालेला दमा, दारूच्या घोटाने चोंदणारं नाक आणि वेदनाशामक गोळीनंतर भरलेली छाती, या चार गोष्टी एकाच माणसात एकत्र येतात तेव्हा त्यांना एक नाव आहे. तिथे पोचण्याआधी अन्नाचा हिशेब चुकता करू.

पॉलिप म्हणजे काय, यातच पुष्कळ गोंधळ असतो. 'नाकातलं मांस वाढलंय', 'हाड वाढलंय' असं आपण सरसकट म्हणतो. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर मुळातच मांसल घड्या असतात. त्या सुजल्या तरी नाक बंद होतं. त्या गुलाबी असतात आणि हात लागला की दुखतात. पॉलिप वेगळा. डोळे आणि नाक यांच्यामधल्या बारीक सायनसांचं अस्तर सुजतं, त्यात पाणी साचतं आणि ते सोललेल्या द्राक्षासारखं, फिकट राखाडी, अर्धपारदर्शक होऊन नाकात लोंबतं. दुर्बिणीच्या टोकाने ढकललं तर हलतं, दुखत मात्र नाही. सहसा दोन्ही बाजूंना असतं. म्हणजे ही गाठ नव्हे, महिनोन्‌महिने न उतरलेली सूज आहे. सूज काढून टाकली आणि ती आणणारी प्रक्रिया चालूच राहिली, तर सूज परत येते. शस्त्रक्रियेनंतरचे आठ-नऊ महिने चांगले जाऊन पुढे तुमचं जे झालं, ते नेमकं हेच.

ही प्रक्रिया बहुतेकांत 'टाइप २' प्रकारच्या दाहाची असते. अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ हे निरोपे त्यांना बोलावत राहतात. अस्तराचा पडदा विरविरीत झालेला असतो आणि त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मुक्काम ठोकतो. त्याची विषं स्थानिक पेशींना चिथावतात आणि मग पॉलिपच्या आतच आयजीई ही ॲलर्जीची प्रथिनं तयार होऊ लागतात. ॲलर्जीची अवजारं सगळी हजर, पण त्यांना कामाला लावणारा पदार्थ बाहेरून आलाच पाहिजे असं नाही. पॉलिपमधल्या द्रवात आयजीई सापडली की 'चला, काहीतरी खाण्यातलं असणार' असा निष्कर्ष निघतो, तो इथे घसरतो.

अन्नाच्या ॲलर्जीचा आणि पॉलिपचा संबंध कुणी तपासलाच नाही, असं नाही. पॉलिपच्या रुग्णांत अन्नपदार्थांच्या चाचण्या इतरांपेक्षा जास्त वेळा पॉझिटिव्ह येतात, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण चाचणी पॉझिटिव्ह येणं एक, तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं दुसरं, आणि तो सोडल्यावर पॉलिप आकसणं तिसरं. या तिसऱ्या पायरीवर भरवशाचा पुरावा नाही. आणखी एक साधी गोष्ट पाहा. अन्नाची खरी ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते लहान मुलांत. पॉलिप मात्र मुलांत इतके विरळ, की लहान मुलाच्या नाकात दोन्हीकडे पॉलिप दिसले तर डॉक्टर आधी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची, म्हणजे घामातल्या क्लोराइडची तपासणी करायला सांगतात. पॉलिपचं वय साधारण चाळिशीचं. एकाच्या पोटी दुसरं जन्मत असतं, तर हे आकडे असे उलटे पडले नसते.

अन्नाच्या खऱ्या, आयजीईमार्गे होणाऱ्या ॲलर्जीचं वागणंही निराळं असतं. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांध्या उठतात, ओठ-पापण्या सुजतात, तोंडात खाज येते, उलटी होते, धाप लागते. नाक गळतं तेही या लवाजम्याबरोबर. 'दूध प्यायलो आणि पुढचे सहा महिने नाक बंद' असं ती करत नाही.

तुमचा ९० पदार्थांचा अहवाल आता बाहेर काढा. पहिल्या पानावर तपासणीचं नाव बघा. 'आयजीई' लिहिलंय की 'आयजीजी', 'आयजीजी ४', 'फूड इनटॉलरन्स', 'सेन्सिटिव्हिटी'? एका फटक्यात ९० पदार्थ आणि लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या असतील, तर ती बहुधा आयजीजीची असेल. आयजीजी हे आपण खाल्लेल्या अन्नाची शरीराने केलेली नोंद आहे; आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध ती असणारच. म्हणून तर यादीत रोजचेच पदार्थ येतात, दूध आणि गहू सगळ्यांत वर. युरोपच्या ॲलर्जी अकादमीने २००८ मध्ये, अमेरिकेच्या संघटनेने २०१० मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की अन्नाची ॲलर्जी ठरवायला ही तपासणी वापरू नये. अहवाल असा असेल तर त्यावरून एकही पदार्थ सोडायचं कारण नाही.

समजा, आयजीईचीच निघाली. तरीही सरसकट तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या पदार्थांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त पदार्थ माणूस बिनधास्त खाऊ शकतो. त्वचेवर टोचून करतात त्या चाचणीचंही तसंच. १५ ते २० मिनिटांनी ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी पुळी उठली तर पॉझिटिव्ह म्हणतात, पण त्याचा अर्थ 'शरीराची या पदार्थाशी ओळख वाकडी आहे' इतकाच. या चाचण्यांचा जोर नकार देण्यात आहे : निगेटिव्ह आली तर तात्काळ होणारी ॲलर्जी जवळपास नाहीच असं धरता येतं. म्हणून चांगला ॲलर्जीतज्ज्ञ आधी विचारतो 'काय खाल्ल्यावर, किती वेळाने, काय झालं', आणि मग त्या एक-दोन पदार्थांपुरतीच चाचणी करतो. ९० पदार्थांवर जाळं टाकलं तर त्यात काहीतरी अडकणारच. (चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर पुळीच उठत नाही. इनहेलर आणि नाकातला स्टिरॉइडचा फवारा मात्र चालू ठेवायचा.)

आता ती गोळी.

पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन-वर्गातल्या वेदनाशामकांचं वावडं, हे त्रिकूट १९२२ मध्ये फ्रान्समध्ये विडाल यांनी नोंदवलं. १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी सविस्तर मांडल्यावर ते 'सॅम्टरचं त्रिकूट' म्हणून रूढ झालं. पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला हे असतं, आणि त्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसतं; कारण गोळी घेतलेली असते डोकं, दाढ किंवा कंबर दुखते म्हणून, नाकाशी तिचा संबंध कोण लावणार? शिवाय ती जेवणानंतर घेतात. एक-दोन तासांनी छाती भरते आणि नाव जेवणाचं होतं.

गंमत म्हणजे ही ॲलर्जीच नव्हे. आयजीईचा यात हात नाही, म्हणून रक्ताच्या किंवा त्वचेच्या कुठल्याही चाचणीत ती दिसत नाही. शरीरात एका कच्च्या मालापासून दोन वाटांनी पदार्थ बनतात. एका वाटेवर कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) बसलेलं असतं; त्या वाटेवर प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, आणि ते दाहाला लगाम घालतं. दुसऱ्या वाटेवर ल्युकोट्राइन बनतात, ते श्वासनळ्या आवळतात आणि नाकाचं अस्तर सुजवतात. या रुग्णांत ल्युकोट्राइन आधीच जास्त असतात. गोळीने कॉक्स-१ बंद पाडलं की उरलासुरला लगामही सुटतो. नाक वाहतं, चोंदतं, चेहरा तांबडा होतो, डोळे लाल, छातीत सूंसूं. गोळी घेतल्यापासून ३० मिनिटं ते ३ तासांत. तुमचा 'तासाभर' या चौकटीत नेमका बसतो.

वाइनचा पेलाही याच बाजूने साक्ष देतो. हे त्रिकूट असलेल्यांपैकी चारांत तिघांना दारूच्या थोड्या घोटांनीही नाक चोंदण्याचा त्रास होतो, कित्येकांना छातीतही. इतर पॉलिपवाल्यांतही हे दिसतं, पण कमी. तेवढ्यावरून द्राक्षं बंद करायची गरज नाही.

निदान पक्कं होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड यातलं काहीही घेऊ नका. खरी अडचण संयुक्त गोळ्यांची. पॅरासिटॅमॉलच्या जोडीला यांपैकी एखादं औषध मिसळलेलं असतं आणि आपण म्हणतो, 'साधी तापाची गोळी घेतली.' सर्दीच्या काही गोळ्यांतही तसंच. वेष्टनावरचं मोठं नाव वाचू नका, त्याखालचं बारीक अक्षरातलं वाचा. इंजेक्शन सगळ्यात जोखमीचं. कंबर धरली म्हणून सुई घेण्याआधी 'मला पॉलिप आणि दमा आहे, वेदनाशामकाचा संशय आहे' हे तोंडाने सांगा. नुसतं पॅरासिटॅमॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना सोसतं. १००० मिलिग्रॅमला काहींचं नाक-छाती कुरकुरते. सेलेकॉक्सिबसारखी, कॉक्स-१ ला सोडून फक्त त्याच्या भावंडावर, कॉक्स-२ वर, काम करणारी औषधंही सहसा चालतात, पण पहिला डोस डॉक्टरांच्या देखरेखीत. (हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे हे वाचत असतील तर त्यांनी ती स्वतःहून बंद करू नये, ज्यांना रोज घेऊन काही होत नाही, त्यांना हा आजार असण्याची शक्यताच कमी.)

आणि 'बघू तरी खरंच होतं का' म्हणून घरी अर्धी गोळी घेऊन पाहू नका. या परीक्षेत माणसं अतिदक्षता विभागात पोचली आहेत. ही खात्री रुग्णालयात करतात : दमा काबूत असताना, फुफ्फुसाची फुंकर मोजत, अगदी थोड्या ॲस्पिरिनपासून पायरीपायरीने.

माशांचं काय? तिथे थोडं थांबा. संशयित दोन होते, मासे आणि गोळी, आणि दोन्ही एकाच रात्री पोटात गेले. त्याआधी तुम्ही मासे मजेत खात होतात का? असाल, तर माशांवरचा संशय बराच हलका. अंगावर गांध्या, तोंडात खाज, उलटी यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, हेही माशांच्या बाजूचं. तरी माशाची टोचणी-चाचणी करून घ्या. निगेटिव्ह आली की पहिला घास दवाखान्यात. तोवर मासे बंदच असू द्या. यादीतला हा एकच पदार्थ सकारण बंद आहे.

बाकीचे असे सुरू करा. तपासणीआधी जे तुम्ही नेहमी खात होतात आणि खाल्ल्यावर दोन तासांत कधी काही झालं नव्हतं, ते एकेक करून परत आणायचं. पहिला गहू, कारण तो नसला की सगळं ताटच कोलमडतं. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी पूर्वीइतका. तीन दिवस निवांत गेले की पुढचा. मग दूध, मग अंडं, मग उरलेले. शेंगदाण्याच्या बाबतीत आधी तज्ज्ञाला विचारा, विशेषतः अहवाल आयजीईचा असेल आणि आकडा मोठा असेल तर. शरीराची वाकडी ओळख असलेला पदार्थ फार काळ पूर्ण बंद ठेवला, तर परत सुरू करताना खरी ॲलर्जी उसळल्याची उदाहरणं आहेत. कारणाशिवाय पदार्थ सोडणं निरुपद्रवी नसतं, ते असं. दमा बिघडलेला असेल त्या आठवड्यात कुठलाही नवा पदार्थ आणू नका.

या काळात रोज सकाळी उठल्या-उठल्या दोनच आकडे लिहा : नाक किती बंद आणि वास किती गेला, प्रत्येकी ० ते १०. वासासाठी डोळे मिटून कॉफीची पूड आणि साबण हुंगा, नेहमी तीच कॉफी, तोच साबण. शेजारी औषधांतले बदल, सर्दी-ताप, दारू एवढंच टिपा. हा कागद नसला की आठवण फसवते. नेहमीची फसगत अशी : पथ्य आणि स्टिरॉइडच्या गोळ्या एकाच आठवड्यात सुरू होतात, दहा दिवसांत वास परत येतो आणि श्रेय पथ्याला जातं. गोळ्यांचा असर ओसरतो तेव्हा वाटतं, काहीतरी चुकीचं खाल्लं गेलं, आणि यादीत दोन पदार्थ वाढतात.

तिखटाने नाक वाहणं हा वेगळाच मामला. मिरचीतला कॅप्सेसिन तोंडातल्या नसांना चेतवतो, त्या नसा नाकातल्या ग्रंथींना पाझरायला सांगतात. घास खाता-खाता सुरू होतं, पाण्यासारखं वाहतं, जेवण संपलं की थांबतं. गरम सूपनेही होतं. ना ॲलर्जी, ना पॉलिपचं कारण. दुधाने कफ वाढतो हीदेखील दूध आणि लाळ मिसळून घशात बसणाऱ्या दाट थराची भावना आहे. नाकातला स्राव त्याने वाढत नाही. आणि 'हल्ली काही खाल्लेलं मानवत नाही, चवच नाही' असं जे पॉलिपवाले म्हणतात, त्याचं कारण बहुधा नाकातच असतं. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग वास असतो.

एका पथ्याबद्दल तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, म्हणून आधीच लिहितो : फळं-मसाल्यांतली सॅलिसिलेटं, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातली नैसर्गिक द्रव्यं, टाळण्याचं. त्रिकूटवाल्यांवर झालेल्या लहान अभ्यासांत त्याने नाकाला थोडा आराम पडल्याचं दिसलं आहे. पण अन्नातलं सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिन नव्हे. कॉक्स-१ बंद पाडण्याची ताकद त्यात फारच कमी. पथ्य जाचक आहे आणि तुमचे ६ किलो आधीच गेले आहेत. सध्या त्या वाटेला जाऊ नका.

आता ज्याने सूज खरोखर उतरते ते. तुमच्या पत्रात नाकाच्या फवाऱ्याचा उल्लेखच नाही. शस्त्रक्रियेनंतर 'आता नाक मोकळं झालं' म्हणून तो बंद पडला असेल तर तुम्ही एकटेच नाही. एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षात सुमारे ४० टक्के रुग्णांत पॉलिप परतलेले दिसले, दुसऱ्यात १२ वर्षांनी ८० टक्क्यांच्या जवळपास. शस्त्रक्रिया औषधाला आत जायचा रस्ता करून देते; त्या रस्त्याने औषध रोज पाठवायचं असतं.

आधी नाक धुणं. २४० मिलिलिटर कोमट पाण्यात सुमारे २ ग्रॅम आयोडीनविरहित बारीक मीठ, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्याचा एक तृतीयांश, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं. नुसतं पाणी सगळ्यात जास्त झोंबतं. पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळून निववलेलं, किंवा डिस्टिल्ड. इथे चालढकल नको : नळाच्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबा असतो. पोटात गेला तर काही करत नाही, नाकावाटे मात्र मेंदूत पोचतो आणि त्यातून वाचणारे फारच थोडे. साधा फिल्टर पुरत नाही. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास, मऊ बाटली हलके दाबून निम्मं पाणी एका नाकपुडीत, निम्मं दुसरीत. नंतर तसंच वाकून उरलेलं गळू द्या आणि दोन्ही नाकपुड्या न दाबता हळू शिंकरा. जोर लावला तर पाणी कानाकडे जातं आणि कान ठणकतो. बाटली धुऊन उघडी वाळवा. दिवसातून दोनदा. तुमचे सायनस शस्त्रक्रियेने उघडलेले असल्याने या पाण्यात ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड मिसळून धुणं तुम्हाला उपयोगी पडू शकतं. त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

धुतल्यावर १०-१५ मिनिटांनी स्टिरॉइडचा फवारा : मोमेटासोन, फ्लुटिकासोन किंवा तुमचे डॉक्टर देतील तो. बाटली हलवा, मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. त्याच हाताने मारला तर फवारा मधल्या पडद्यावर आपटतो; तिथे खपली धरते, रक्त येतं आणि लोक म्हणतात 'मला फवारा सोसत नाही.' श्वास हळू घ्या, जोरात ओढू नका. औषधाची चव घशात आली तर डोस नाकाऐवजी पोटात गेला. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी निकाल लावू नका. तात्काळ नाक उघडणारे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, ३ ते ५ दिवसांपलीकडे नकोत. त्यांची सवय लागलेलं नाक थेंब उतरले की पहिल्यापेक्षा जास्त सुजतं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांचा ७ ते १४ दिवसांचा कोर्स पॉलिप झटकन आकसवतो, पण काही आठवड्यांत ते परत डोकं वर काढतात. वर्षातून एक-दोन कोर्सच्या पुढे गेलात तर साखर, रक्तदाब, हाडं, मोतीबिंदू ही किंमत मोठी होते.

एवढं सगळं नीट करूनही तीन-चार महिन्यांत नाक उघडलं नाही, तर पुढच्या पायऱ्या आहेत. त्रिकूट सिद्ध झालं तर ॲस्पिरिनचीच सवय लावण्याचा उपचार असतो : रुग्णालयात पायरीपायरीने डोस वाढवून पुढे रोज ॲस्पिरिन घ्यायचं. हे शस्त्रक्रियेनंतर नाक मोकळं असताना केलं तर पॉलिप परतणं लांबतं, मात्र मध्येच काही दिवस सुटलं तर सगळं पहिल्यापासून. दुसरी पायरी जैविक औषधांच्या, म्हणजे दाहाच्या साखळीतला एखादा ठरावीक दुवा अडवणाऱ्या औषधांच्या, इंजेक्शनांची. डुपिलुमॅबला अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली, ओमॅलिझुमॅबला २०२० मध्ये, मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. यातल्या ओमॅलिझुमॅबला २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मान्यता मिळाली, आणि 'बघा, दोन्ही आजार एकच' असा अर्थ काढणारे भेटतील. हे औषध आयजीईला धरून ठेवतं. आयजीई दोन्हीकडे आहे म्हणून ते दोन्हीकडे चालतं, आणि पॉलिपमध्ये ते ॲलर्जीच्या चाचण्या निगेटिव्ह असलेल्यांनाही गुण देतं. यात ताटाचा संबंध कुठेच नाही. ही औषधं महागडी आहेत आणि थांबवली की पॉलिप बहुधा परततात, त्यामुळे आधीच्या पायऱ्या गाळून तिथे उडी मारू नये.

त्रास एकाच बाजूला असेल, नाकातून रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागलं किंवा तापासोबत डोकं असह्य दुखू लागलं, तर थांबू नका. एकाच बाजूचा पॉलिप म्हणजे पॉलिप नसून दुसरी गाठ असू शकते. तिचा तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू ठेवत राहणं चूक.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना शस्त्रक्रियेचा अहवाल, तेव्हा काढलेल्या पॉलिपचा पॅथॉलॉजीचा कागद (त्यात इओसिनोफिलचा उल्लेख शोधा), जुना सीटी स्कॅन, आजवर घेतलेल्या स्टिरॉइड कोर्सच्या तारखा आणि तो ० ते १० चा कागद न्या. सोबत छातीच्या डॉक्टरांनाही भेटा, कारण पुढची कुठलीही चाचणी दमा स्थिर असल्याशिवाय होणार नाही. आणि आज फक्त एक फोन करा : त्या दिवशी दाढेसाठी गोळी कुठून घेतली होती तिथे, दाताच्या डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात. जुनी चिठ्ठी किंवा बिल काढायला सांगा आणि गोळीत नेमकं कोणतं औषध होतं, किती मिलिग्रॅम, हे लिहून घ्या.